दोन डिश, एक केबल: गच्चीवरच्या जोडणीची गोष्ट

शेजारच्या आबांनी परवा गच्चीवर हाक मारली. कठड्याजवळ त्यांची दूरदर्शनच्या मोफत फ्री डिशची छोटी डिश, आणि टाकीच्या पलीकडं कुठून तरी जुन्यात उचलून आणलेली सहा फुटी जाळीची. दोन्हीकडच्या केबली त्यांनी एका पत्र्याच्या स्प्लिटरमध्ये पिळल्या होत्या आणि तिसरी केबल खाली टीव्हीला सोडली होती. "दोन हाईत म्हटल्यावर डबल दिसाय पाहिजे की रं," आबा म्हणाले. खाली निम्मी चॅनलं गायब होती आणि उरलेल्यांत तोंडाच्या जागी चौकोन. मी जाळीवाल्या डिशची पिन सोडवली, सगळं जागेवर आलं. परत लावली, परत गेलं.

नव्यानं या नादाला लागलेले बहुतेक जण इथंच अडकतात. केबल एक आणि अँटेना दोन असतील, तर एका वेळी एकालाच बोलू द्यायचं. बाकीची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे.

आबांच्या गच्चीवर काय झालं

डिशच्या पुढं जो डबा असतो तो एलएनबी. आकाशातून आलेली फार उंच फ्रिक्वेन्सी केबलमधून जात नाही, म्हणून तो ती खाली उतरवतो. उतरवणं म्हणजे सरळ वजाबाकी. फ्री डिशचा एक ट्रान्सपाँडर, म्हणजे चॅनलांचा एक गठ्ठा खाली पाठवणारा उपग्रहावरचा भाग, 11090 मेगाहर्ट्झवर आहे. छोट्या डिशवरचा कू बँडचा, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा एलएनबी त्यातून 9750 वजा करतो आणि केबलमध्ये 1340 सोडतो. जाळीच्या डिशवर सी बँडचा, म्हणजे खालच्या पट्ट्याचा एलएनबी असतो, त्याचा आकडा 5150. त्यानं 3810 मेगाहर्ट्झवरचं काही पकडलं, तर 5150 वजा 3810, म्हणजे पुन्हा 1340. दोघंही एकाच केबलमध्ये, एकाच जागेवर येऊन बसले. एका खुर्चीत दोन पाहुणे. टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सला दोघांचंही धड ऐकू येत नाही.

शिवाय एलएनबीला वीज लागते आणि ती बॉक्सच केबलमधून वर पाठवतो. व्हर्टिकल म्हणजे उभ्या लाटेवरच्या चॅनलसाठी 13 व्होल्ट, हॉरिझाँटल म्हणजे आडव्या लाटेवरच्यासाठी 18. साधा स्प्लिटर दोन्ही बाजूंना वीज सोडणारा असेल तर दोन्ही एलएनबी एकदम जागे होतात आणि बॉक्सवर दुप्पट भार पडतो. एकाच बाजूला सोडणारा असेल तर दुसरा एलएनबी नुसता शोभेला.

टोकदार अॅल्युमिनियमचा अँटेना अजून आहे का घरात?

असेल तर टीव्हीसाठी तो विसरा. दूरदर्शननं जमिनीवरून होणारं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण 2022 पर्यंत जवळजवळ सगळीकडं गुंडाळलं. कितीही अँटेना एकमेकांवर चढवले तरी जे हवेत नाहीच ते येणार नाही. परदेशातले व्हिडिओ बघून दोन-दोन यागी (म्हणजे असलेच दांड्यांचे) अँटेना जोडायला निघालेली पोरं मला भेटलीत. त्या देशांत जमिनीवरचं डिजिटल प्रक्षेपण घरोघरी चालतं, म्हणून त्यांचं जमतं. आपल्याकडं गच्चीवरचा टीव्ही म्हणजे डिशच. त्या अॅल्युमिनियमच्या सांगाड्याचा उपयोग एफएम रेडिओसाठी होऊ शकतो, त्याबद्दल शेवटाकडं.

अजून एक. तुमच्याकडं पैसे भरून घेतलेलं डीटीएच कनेक्शन असेल आणि जोडीला फ्री डिश हवी असेल, तर काही जोडूच नका. कंपनीचा बॉक्स स्वतःच्याच उपग्रहापुरता बांधलेला असतो. फ्री डिशचा वेगळा बॉक्स घ्या, दोघांच्या केबली वेगळ्या ठेवा आणि टीव्हीच्या दोन एचडीएमआय खोबणींत दोन बॉक्स लावा. रिमोटवरचं इनपुटचं बटण हाच तुमचा स्विच. कमी पैशात, कमी डोकेदुखीत काम होतं, आणि बिघाड झाला तर कंपनीच्या माणसाला "तुम्ही काहीतरी जोडलंय" म्हणायला जागा राहत नाही.

पुढचं सगळं आहे ते दोन उपग्रह आणि एकच मोफत चॅनलांचा बॉक्स असणाऱ्यांसाठी.

आकाशात नेमकं कुठं

फ्री डिश येते जीसॅट-15 या उपग्रहावरून. तो नोव्हेंबर 2015 मध्ये सोडला आणि विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर उभा आहे. आपलं कोल्हापूर 74.2 अंशावर, म्हणजे तो आपल्या पूर्वेला, दक्षिणेकडं झुकलेला. हिशेब केला तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं साधारण 129 अंश, आणि क्षितिजापासून उंची 60 अंश.

अंश डोक्यात बसत नसतील तर असं धरा. अंबाबाईच्या देवळाजवळ उभं राहिलात तर एका बाजूला उजळाईवाडीचं विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला कागल. त्या दोघांच्या बरोबर मधे तोंड करा आणि मान बरीच वर उचला. पेठेतनं असो वा फुलेवाडीतनं, दिशा तीच राहते.

साठ अंश म्हणजे चांगलीच उंची. म्हणून समोर दुमजली घर आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. आडवं येतं ते जवळचं झाड, नाहीतर शेजाऱ्याची पाण्याची टाकी. फोनमधलं होकायंत्र दिशा बघायला चालतं, पण लोखंडी गजाजवळ, पत्र्याजवळ ते खोटं बोलतं. चार पावलं लांब जाऊन दिशा ठरवा, लांबचं एखादं ठिकाण लक्षात ठेवा आणि मग डिशपाशी या.

होकायंत्रापेक्षाही खात्रीचा एक साक्षीदार आहे, पण तो वर्षातून दोनदाच येतो. मार्चच्या 12-13 तारखेच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, आणि सप्टेंबर सरता सरता अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना, कोल्हापुरातून बघितलं तर सूर्य जीसॅट-15 च्या बरोबर पाठीमागं येतो. त्या वेळी डिशवर लख्ख ऊन पडलं असेल तर उपग्रह आणि डिश यांच्यात आडवं काही नाही. पानांची सावली असेल तर ती फांदी छाटायची. आणि त्या दिवसांत काही मिनिटं चित्र गेलं तर बॉक्स बडवू नका. सूर्याचा गोंगाट उपग्रहाच्या आवाजावर चढलेला असतो, आपोआप उतरतो.

दुसरा उपग्रह कुठला, ते तुमच्या आवडीवर. उदाहरणाला 83 अंशावरचा जीसॅट-30 घेऊ. कोल्हापुरातून त्याची दिशा सुमारे 152 अंश, उंची 68. म्हणजे पहिल्यापेक्षा दक्षिणेकडं आणि आणखी डोक्यावर. सी बँडवर मोफत काय दिसतं ते सारखं बदलतं, तेव्हा आधी चॅनलांची ताजी यादी बघा आणि मगच जाळीची डिश खांद्यावर घ्या. डिश आणून ठेवल्यावर यादी बघणारे आमच्यातच बरेच आहेत.

सी बँडचा एक मोठा फायदा कोल्हापूरकराला जुलैत कळतो. फ्री डिशची लाट पावणेतीन सेंटीमीटरच्या आसपास, सी बँडची साडेसात. पावसाचा थेंब काही मिलिमीटरचा. आखूड लाटेला तो जास्त खातो, लांब लाट त्यातून बरीचशी सुटून जाते. त्यामुळं रंकाळ्यावर पाऊस नुसता कोसळत असतो तेव्हा छोटी डिश मान टाकते आणि जाळीची चालत राहते. जाळी चालते तीही त्याच कारणानं, साडेसात सेंटीमीटरच्या लाटेला ती बारीक भोकं दिसतच नाहीत. कू बँडला मात्र भरीव पत्र्याचीच डिश हवी.

आधी एकेक, मग जोडी

यात घाई करू नका. दोन्ही डिश वेगवेगळ्या, सरळ केबलनं बॉक्सला लावून आधी पूर्ण चांगल्या करून घ्यायच्या. अर्धवट लागलेल्या दोन डिश स्विचवर आणल्या की दोष कुणाचा हे शोधण्यात रविवार जातो.

डिशचा खांब ओळंब्यानं अगदी उभा करा. खांब तिरका असेल तर दिशा फिरवताना उंचीही बदलत जाते आणि तुम्ही वेड्यासारखं दोन्हीकडं फिरवत बसता. स्लॅबला भोक पाडू नका. पावसाळ्यात तिथनं पाणी मुरून खालच्या घरात थेंब पडायला लागले की टीव्ही राहतो बाजूला. कठड्याच्या आतल्या बाजूला बोल्ट मारा, नाहीतर सिमेंटच्या ठोकळ्यात खांब उभा करा. अपार्टमेंट असेल तर सोसायटीला आधी विचारा.

छोट्या डिशचा पत्रा बघून उंचीचा अंदाज बांधू नका. तिचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळं ती दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते. मागच्या पट्टीवरचे आकडे बहुतेक वेळा हे धरूनच छापलेले असतात. तिथं 60 ला आणा आणि सुरू करा.

एक जण खाली किंवा फोनच्या व्हिडिओवर. बॉक्सच्या मेन्यूत फ्री डिशचा 11090, व्हर्टिकल, सिंबल रेट 29500 हा ट्रान्सपाँडर उघडून ठेवा. तिथं दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंथ नावाची पट्टी नुसता एलएनबी जिवंत आहे एवढंच सांगते. डिश भिंतीकडं वळवली तरी ती भरलेली दिसते. बघायची ती क्वालिटीची. डिश डावी-उजवी अगदी हळू सरकवा, बोटाच्या पेराएवढी, आणि दर वेळी दोन-तीन सेकंद थांबा. बॉक्सला कुलूप लागायला तेवढा वेळ लागतो. "आलं आलं… गेलं!" हा जो ओरडा गच्च्यांवरून ऐकू येतो, तो न थांबता सरकवणाऱ्यांचा असतो.

दिशा सापडली की उंची, मग शेवटी एलएनबीचा पीळ. हे शेवटचं काम खूप जण करतच नाहीत. जीसॅट-15 कोल्हापुरातून इतका पूर्वेला आहे की त्याच्या लाटांचा पीळ हिशेबानं पंचेचाळीस अंशांच्याही थोडा पुढं जातो. एलएनबी सरळ उभा ठेवला तर व्हर्टिकलमध्ये हॉरिझाँटल मिसळतं. क्लँप सैल करून एलएनबी दोन्हीकडं थोडा थोडा फिरवा आणि क्वालिटी सगळ्यात वर जाईल तिथं आवळा. मग आवळून झाल्यावर पट्टी पुन्हा बघा, कारण आवळतानाच डिश हलते. खांबावर आणि क्लँपवर मार्करनं एक सरळ रेघ ओढून ठेवा. वळवाच्या वाऱ्यानं डिश फिरली तर रेघेला रेघ जुळवली की झालं.

दुसऱ्या डिशचंही हेच.

स्विच

दुकानात जाऊन डायसेक स्विच मागा. मिसळीच्या दोन-तीन प्लेटच्या पैशात मिळतो. दोन पोर्टांचाही असतो आणि चार पोर्टांचाही, चारवालाच घ्या, फरक फार नसतो. घेण्याआधी मात्र आपल्या बॉक्सच्या मेन्यूत डायसेक हा शब्द आहे का ते बघा. काही साध्या बॉक्समध्ये तो नसतो आणि मग स्विच नुसता बिल्ला.

त्याचं काम असं: स्विचमध्ये एका वेळी एकच पोर्ट उघडा राहतो. चॅनल बदललं की बॉक्स केबलमधूनच 22 किलोहर्ट्झच्या तुटक-तुटक टिकटिकीत त्याला निरोप धाडतो, आता एक नंबर उघड, आता दोन. वीजही त्याच एलएनबीकडं जाते. 1340 वर दोघं एकदम बसण्याचा प्रश्न उरतच नाही.

जोडताना:

1. बॉक्सची पिन भिंतीतल्या सॉकेटमधनंच काढा. रिमोटनं बंद केलेला बॉक्स पुरेसा नाही, केबलमध्ये व्होल्टेज राहू शकतं आणि पिन लावताना केबलच्या बाहेरच्या जाळीची एक तार मधल्या तारेला टेकली की बॉक्सचा घास जातो.
2. फ्री डिशची केबल पोर्ट 1 ला, दुसरीची पोर्ट 2 ला. रिकाम्या पोर्टांना रबरी टोपी.
3. स्विचवर रिसीव्हर लिहिलेल्या तोंडाला खाली जाणारी केबल.
4. बॉक्स सुरू करून फ्री डिशच्या उपग्रहाला डायसेक पोर्ट 1, एलएनबी 9750/10600. दुसऱ्याला पोर्ट 2, सी बँड असेल तर 5150.
5. दोन्हींवर स्वतंत्र स्कॅन.

मेन्यूत पोर्ट कधी 1-2-3-4 असतात, कधी ए-बी-सी-डी, क्रम तोच. पहिला लागला आणि दुसरा नाही, तर आधी दोन केबली अदलाबदल करून बघा. दोष केबलबरोबर दुसऱ्या पोर्टवर गेला तर डिश किंवा केबल. पोर्टावरच राहिला तर स्विच नाहीतर मेन्यू.

एकाच छोट्या डिशवर दोन एलएनबी बसवायचीही सोय आहे, उपग्रह पाच-सहा अंशांच्या अंतरावर असतील तर. त्यात लक्षात ठेवायचं ते आरशाचं गणित: पश्चिमेकडच्या उपग्रहाचा एलएनबी पूर्वेच्या बाजूला बसतो, उंच उपग्रहाचा खाली. 93.5 आणि 95 इतके चिकटलेले असतील तर दोन डबे शेजारी बसतच नाहीत.

पिन, पाणी, वीज

दहातल्या आठ तक्रारी इथल्या. केबल आरजी-6 घ्या. चांगली आरजी-6 सुद्धा 1000 मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे साधारण 20 डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाते, वरच्या फ्रिक्वेन्सीला त्याहून जास्त. गच्ची ते हॉल तीस मीटर असेल तर हरकत नाही, पण मधे तीन ठिकाणी जोड देऊ नका. पिन लावताना बाहेरची जाळी मागं दुमडा, मधल्या तारेला तिचा एक केसही लागू नये. मधली तार पिनच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर. दातानं केबल सोलणाऱ्यांना माझा साष्टांग, पण ब्लेड वापरा.

स्विच कठड्याखाली, पिना जमिनीकडं तोंड करून लावा. तोंडं वर राहिली तर पहिल्याच मोठ्या पावसात आत पाणी, आणि पाणी केबलमधून उतरत थेट बॉक्सच्या पाठीत येतं. माझा एक बॉक्स असाच गेला; उघडला तर आत हिरवी बुरशी चढलेली. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, थेंब तिथनं गळून पडतो. जोडांवर नुसती चिकटपट्टी नको, रबराची ताणून गुंडाळायची टेप मिळते ती वापरा.

डिशचा खांब अर्थिंगला जोडून घ्या, वायरमनकडून. एप्रिल-मेच्या वळवात पन्हाळ्याच्या बाजूला ढग काळे दिसले आणि कडकडाट सुरू झाला, की बॉक्सची केबलही काढा आणि विजेची पिनही. वीज डोक्यावर आल्यावर काढायला जाऊ नका.

एक डिश, दोन टीव्ही

हा उलटा प्रश्नही खूप जण विचारतात. दोन तोंडांचा ट्विन एलएनबी घ्या आणि दोन केबली सोडा. स्प्लिटरनं भागवायला गेलात तर दोन बॉक्स दोन वेगळे व्होल्टेज मागतात, आणि 18 मागणारा 13 मागणाऱ्याला गप्प करतो. वरच्या खोलीतल्या पोरानं चॅनल बदललं की खालची मालिका बंद. घरात भांडण लावायचं असेल तर उत्तम.

एफएमवाल्यांसाठी

कोल्हापूर आकाशवाणी 102.7 मेगाहर्ट्झवर आहे. डोंगराआडच्या गावात ती खरखरत असेल तर तो जुना अॅल्युमिनियमचा सांगाडा कापून-जोडून एफएमच्या मापाला आणता येतो, आणि इथं एकाच जातीचे दोन अँटेना खरोखर बेरीज करू शकतात. कितीची? फार तर 3 डेसिबलची, म्हणजे पॉवर दुप्पट, कानाला मात्र थोडंच. त्यासाठी दोन्ही अँटेना सारखे, एकाच दिशेला, आणि दोन्ही केबली तंतोतंत एका लांबीच्या हव्यात. 102.7 ची लाट हवेत जवळजवळ 2.9 मीटर, केबलमध्ये वेग कमी म्हणून आणखी आखूड. आत फोम असलेल्या केबलीत एक बाजू दुसरीपेक्षा सुमारे 1.2 मीटरनं लांब झाली, तर एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर येतो आणि दोघं मिळून शून्याकडं. चांगला एक अँटेना आणखी उंच नेला तर बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं, म्हणून मी स्वतः दोन लावत बसत नाही.

आबांचं काम त्याच संध्याकाळी झालं. स्प्लिटर काढून स्विच लावला, एकवर फ्री डिश, दोनवर जाळी. जाळीची डिश मात्र अजून आंब्याच्या फांदीकडंच बघते. आंबे उतरल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही, असं घरच्यांनी बजावलंय.